ज्वारीची भाकरी चिरते, तुटते, फुगत नाही: हाताला दोष देण्याआधी पीठ तपासा

भाकरी थापायला घेतली की कडेने चिरा पडतात, उचलायला गेलं की मधोमध दोन तुकडे होतात, कशीबशी तव्यावर गेली तर फुगत नाही आणि डब्यात दुपारपर्यंत तिचा पुठ्ठा होतो. हे ज्यांच्याकडे अधूनमधून होतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. अधूनमधून हा शब्द मुद्दाम वापरला, कारण कायमच तुटत असेल तर एकवेळ म्हणता येईल की हात बसलेला नाही, पण मागच्या महिन्यात झकास होत होत्या आणि आता त्याच हाताने, त्याच परातीत, त्याच तव्यावर तुटायला लागल्या तर बदललं काय? हात तर बदलला नाही. बदललंय ते पीठ.

मी मूळचा सोलापूर जिल्ह्यातला, नोकरीसाठी पुण्यात, आणि आमच्याकडे रात्रीच्या भाकरी मी करतो. सुरुवातीची दोन-तीन वर्षं हा प्रॉब्लेम सारखा यायचा, चार दिवस भाकरी मस्त आणि मग एकदम बिघडायच्या. मी दरवेळी गावाकडे आईला फोन लावायचो की आई आज परत तुटल्या, पाणी जास्त झालं का, मळायला कमी पडलं का. ती यातलं काही ऐकूनच घ्यायची नाही, तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "आधी सांग, पीठ कवाचं हाय?" आणि मी सांगायचो की आहे महिनाभरापूर्वीचं. मग ती म्हणायची, "मग इरी गेली त्याची, तू किती मळलंस तरी काय हुणार?"

इरी म्हणजे विरी. पिठाचा धरून ठेवायचा जो गुण आहे त्याला आमच्याकडे विरी म्हणतात, कुठे चिकी म्हणतात, कुठे नुसतं चिकटपणा. शब्द कुठलाही घ्या, पण ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की निम्मा प्रॉब्लेम सुटतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असतं, त्यामुळे ती ताणली जाते, लाटता येते, झाकून ठेवली की आणखी मऊ होते. ज्वारीत ग्लुटेन अजिबात नाही. मग भाकरी एकत्र राहते कशामुळे, तर पिठातल्या स्टार्चमुळे. स्टार्चला गरम पाणी मिळालं की साधारण ७० अंशाच्या आसपास तो फुगतो आणि चिकट होतो. लहानपणी आकाशकंदिलाला कागद चिकटवायला पीठ पाण्यात शिजवून खळ करायचो ना, अगदी तेच. भाकरीच्या गोळ्यात जी थोडीफार खळ तयार होते तीच बाकीचं पीठ धरून ठेवते. आता ही खळ नीट तयार व्हायला तीन गोष्टी लागतात, दाणा चांगला हवा, दळण बारीक हवं आणि पीठ ताजं हवं. यातली एक जरी गेली तरी भाकरी चिरते, आणि तिन्ही वेळा चीर दिसायला जवळपास सारखीच दिसते, म्हणून माणूस गोंधळतो आणि हातावर येतो.

मग ओळखायचं कसं? मी एक साधी परीक्षा करतो, पाच मिनिटांची. दोन मोठे चमचे पीठ घ्यायचं, त्यात नुसतं कोमट पाणी घालून चांगलं रगडून गोळी करायची, तिची करंगळीएवढी वळी करायची आणि ती हळूच वाकवायची. वळी अर्धगोल वाकली आणि फारतर बारीकशा रेषा पडल्या तर पीठ ठणठणीत आहे, तुमचं पाणी-मळणं-तवा यात कुठेतरी चुकतंय, त्याबद्दल खाली आहे. वळी लगेच मोडली तर दुसरी गोळी करा, पण यावेळी खळखळ उकळतं पाणी घाला, चमच्याने कालवा, दोन मिनिटं झाका आणि मग मळा. ही दुसरी वळी वाकली तर पीठ नुसतं जुनं झालंय, ते वाचवता येईल. दुसरीही मोडली तर एकतर दळण जाड आहे नाहीतर दाण्यातच खोट आहे. जाड आहे का ते बघायला चिमूटभर पीठ अंगठा आणि बोटात चोळा, ताज्या बारीक पिठाचा हाताला मऊ, टाल्कम पावडरीसारखा स्पर्श लागतो, रवा लागला की समजा गिरणीत बिघाड आहे. आणि चिमूटभर कोरडं पीठ जिभेवर ठेवा. कडवट, खवट लागलं तर पुढे काही करू नका, त्या पिठाची भाकरी जमली तरी पोटात घालायच्या लायकीची नसते.

आता जुन्या पिठाचं. ज्वारीच्या दाण्यात थोडा तेलाचा अंश असतो, तो दाण्यात असेपर्यंत सुरक्षित असतो, दळला की हवेत उघडा पडतो आणि हळूहळू खवट व्हायला लागतो. विरी त्याच्याही आधी जायला लागते. मी डब्यावर कागदी टेप लावून दळणाची तारीख लिहायला लागलो तेव्हा माझ्या घरचा हिशोब मला कळला, पहिले आठ दिवस डोळे झाकून भाकरी, दहा-बारा दिवसांनी कडा चिरायला लागतात, तीन आठवड्यांनी उचलताना तुकडे. पावसाळ्यात याहून लवकर. म्हणजे माझ्या भाकरी 'अधूनमधून' बिघडत नव्हत्या, दर महिन्याला ठरल्यासारख्या तिसऱ्या आठवड्यात बिघडत होत्या आणि मी लक्ष दिलं नव्हतं. तेव्हापासून पाच किलो एकदम दळत नाही. ज्वारी वर्षाची भरून ठेवतो, कारण दाणा टिकतो, आणि दळण दीड-दोन किलोचं, दर आठ-दहा दिवसांनी. गिरणीवाला सुरुवातीला एवढ्याशा दळणाला कुरकुर करायचा, आता सवय झाली त्याला. पीठ आणलं की गरम असताना डब्यात कोंबायचं नाही, परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं, नाहीतर झाकणाला आतून वाफ धरते आणि त्या ओलीने पीठ आणखी लवकर खराब होतं. फ्रीजमधे हवाबंद डब्यात ठेवलं तर जास्त टिकतं, पण मळायच्या आधी बाहेर काढून ठेवा.

जुनं झालेलं पीठ घरात आहे आणि आज भाकरी करायचीच आहे, तर उकड काढा. दोन वाट्या पिठाला पावणेदोन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ, पाण्याला खळखळ उकळी आली की गॅस बारीक करून पीठ एकदम घालायचं, उलथन्याच्या दांड्याने ढवळायचं, गॅस बंद करून झाकण ठेवून सात-आठ मिनिटं विसरून जायचं. मग परातीत काढून हाताला सोसेल इतकं गरम असतानाच पाण्याचा हात लावत मळायचं. ही भाकरी चक्क लाटतासुद्धा येते, आणि ज्यांना थापता येत नाही त्यांनी हीच पद्धत धरावी, त्यात कमीपणा काही नाही. फक्त चवीत फरक पडतो हे माझं मत, थापलेल्या भाकरीचा जो खरपूस पापुद्रा सुटतो तो उकडीच्या भाकरीला तितका येत नाही. आणि पीठ कडू असेल तर उकडीनेही कडूपणा जात नाही.

दळणाची गोष्ट वेगळीच आहे आणि ती मला फार उशिरा कळली. एकदा असं झालं की दाणा गावाकडचा, पीठ आदल्या दिवशीचं, आणि तरी भाकरी चिरल्या. परीक्षेत दुसरी वळीसुद्धा मोडली. बोटात चोळलं तर रवाळ. गिरणीत जाऊन विचारलं तर कळलं की दगड झिजलेत, टाकी लावायची राहिलीये. जात्याच्या किंवा गिरणीच्या दगडावर छिन्नीने जे खाचे पाडतात तेच दाणा कापतात, ते झिजले की दाणा नीट दळला न जाता भरडला जातो आणि दगड जास्त घासून पीठ तापतं. जाड कणाला पाणी आतपर्यंत पोचायला वेळ लागतो, तेवढ्यात तुम्ही थापायला घेता, तो कोरडाच राहतो आणि चीर बरोबर तिथून सुरू होते. टाकी लावल्यावर दुसऱ्याच दळणाला फरक दिसला. त्यामुळे गिरणीवाल्याशी मोकळं बोला, चिमूटभर पीठ तिथेच हातावर घेऊन बघा, जाड वाटलं तर दगड थोडे आवळून परत एकदा फिरवून द्यायला सांगा. घरघंटी वापरत असाल तर जाळी बदलायची, ज्वारीला बारीक जाळी लागते, गव्हाच्याच जाळीवर ज्वारी काढली की हमखास तुटते. आणि बारीक चाळणीने एकदा चाळून बघा, वर जो जाडसर कोंडा-रवा राहतो तो टाकू नका, ताकात शिजवून आंबील छान होते.

गिरणीबद्दलच आणखी एक. बऱ्याच गिरण्यांत ज्वारी-बाजरीची चक्की वेगळी असते, गव्हाची वेगळी, पण सगळीकडे नसते. गव्हाच्या पाठोपाठ त्याच चक्कीवर दळलेल्या ज्वारीत थोडी कणीक मिसळते, तिने भाकरी बिघडत नाही, उलट एखादवेळी जरा बरीच होते. पण घरात कुणाला सिलिॲक असेल, म्हणजे गहू अजिबात चालत नसेल, तर हा प्रश्न भाकरी तुटण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. अशा घरांनी ज्वारी घरीच वेगळ्या यंत्रावर दळावी, आणि 'भाकरी तुटते ना, मग थोडी कणीक घाल' हा सल्ला कुणी दिला तरी घेऊ नये. उकड काढा, कणीक नको.

आता दाणा. हे शहरात सगळ्यात अवघड, कारण दुकानात पोत्यावर नुसतं 'ज्वारी' लिहिलेलं असतं. भाकरीला रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी आणि फेब्रुवारी-मार्चात काढणी, दाणा कोरड्या थंडीत भरतो, त्यामुळे टपोरा, पांढरा, मोत्यासारखा चमकदार. मालदांडी हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तिथल्या काळ्या खोल जमिनीत ती नुसत्या ओलीवर येते. खानदेशात दादर घेतात, तिचीही भाकरी सुरेख होते. विद्यापीठांच्या वाणांत फुले वसुधा, परभणी मोती ही नावं ऐकू येतील, तीही रब्बीचीच. खरिपाची हायब्रीड ज्वारी वेगळी. १९६४ साली देशातला पहिला हायब्रीड वाण सीएसएच-१ आला, त्या काळात धान्याची टंचाई होती आणि त्या ज्वारीने पुष्कळ पोटं भरली, तिला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. पण खरीप ज्वारीचं दुखणं असं की दाणा भरायच्या आणि काढणीच्या वेळेला परतीचा पाऊस गाठतो. कणसात दाणा भिजला की बुरशी धरून काळा पडतो, किंवा आतल्या आत मोड यायची तयारी सुरू होते, आणि मोड येताना दाण्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, स्टार्च तोडायला लागतात, कारण रोपाला साखर हवी असते. तुटलेल्या स्टार्चची खळ होत नाही. अशी ज्वारी वाळवली, निवडली, वरून चांगली दिसली तरी तिची विरी शेतातच गेलेली असते, आणि तुम्ही पुण्यात किंवा ठाण्यात परातीपुढे बसून स्वतःला दोष देत असता.

म्हणून विकत घेताना मूठभर दाणे तळहातावर घ्या, काळे ठिपके, मळकट रंग, कुबट वास असेल तर नको. एक दाणा दाताखाली फोडा, कडक, कट्कन फुटला पाहिजे. शक्य असेल तर आधी दोनच किलो घ्या, दळून दोन दिवस भाकरी करून बघा आणि मग वर्षाची भरा. आमच्याकडे मार्च-एप्रिलात नवी ज्वारी आली की ऊन देऊन कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यात भरतात. दाण्यात ओल राहिली तर किडे होतात आणि ओलसर दाणा गिरणीत नीट दळलाही जात नाही.

पीठ पास झालं आणि तरी चिरते, तर मग हाताकडे या. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सगळ्या भाकरींचं पीठ चपातीच्या कणकेसारखं एकदम मळून ठेवणं. भिजवून ठेवल्याने ज्वारीला काही फायदा नाही, उलट गोळा वरून सुकतो आणि विस्कटतो. एकावेळी एका भाकरीचं घ्या. पिठात मधे आळं करा, उकळतं पाणी तिथे ओता, चमच्याने कालवा, मग हाताला सोसेल तसं गार पाणी शिंपडत तळहाताच्या मुळाने पुढे रगडा, गोळा करा, परत रगडा. एका भाकरीला दीड-दोन मिनिटं तरी. किती मळायचं याची खूण म्हणजे गोळा परातीला चिकटेनासा होतो आणि हातात गुळगुळीत लागतो. गोळा तळहातावर दाबला आणि कडेला भेगा पडल्या तर थापायला घेऊच नका, पाण्याचा हात लावून परत रगडा. इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं.

थापताना खाली कोरडं पीठ भुरभुरवायचं पण ढीग नको, आणि बोटांनी कडा, तळव्याने मधला भाग असं फिरवत जायचं. कडा मधल्या भागापेक्षा पातळ झाल्या की त्याच आधी चिरतात, त्यामुळे दुसरा हात कडेला आधार देत फिरता ठेवा. उचलायला भीती वाटत असेल तर सुरुवातीला लहान भाकरी करा, तळहाताएवढी, मग वाढवत जा.

न फुगण्याचं कारण बहुतेकवेळा तव्याशी असतं. तवा लोखंडी किंवा बिडाचा, चांगला तापलेला, पाण्याचा थेंब टाकला की नाचत उडाला पाहिजे. भाकरी टाकताना पिठाची बाजू वर येते, तिच्यावर लगेच ओल्या हाताने किंवा फडक्याने सगळीकडे सारखं पाणी फिरवा. लगेच म्हणजे अगदी लगेच, अर्धा मिनिट उशीर झाला की वरचं कोरडं पीठ तडकतं आणि त्या तडीतून पुढे वाफ निसटते. पाणी वरचं दिसेनासं झालं, पण पृष्ठभाग अजून ओलसर आहे, त्याच वेळी उलटा. फार लवकर उलटलं तर तव्याला चिकटते, फार उशिरा उलटलं तर चिरते. पाण्याची बाजू नीट भाजू द्या, सगळीकडे तांबूस डाग पडले पाहिजेत, आणि मग पहिली बाजू थेट आचेवर. चूल असेल तर तवा बाजूला सारून आरावर, गॅस असेल तर जाळीवर किंवा सरळ ज्योतीवर. पाण्याने शिवलेली बाजू आणि आचेकडची बाजू दोन्ही शाबूत असतील तर आतली वाफ पापुद्रा उचलतेच. एका जागी फुगून फुस्स झाली तर तिथे भोक किंवा चीर आहे, उलथन्याने ती जागा हलकी दाबून धरा, बाकीची फुगते.

माझी मामेबहीण न्यू जर्सीला असते, तिचा मेसेज आला होता की दादा, मी सगळं तू सांगितलंस तसंच करते आणि तरी तुकडेच. तिला पाकिटावरची पॅकिंगची तारीख बघायला सांगितली, सात महिने झालेले. इथे दहा दिवसांत विरी जाते तिथे सात महिन्यांचं काय राहणार. दोन मार्ग आहेत, पाकिटातलं पीठ असेल तर कायम उकडच काढायची, किंवा अख्खी ज्वारी आणायची, ती आता बाहेरच्या दुकानांत सॉरघम नावाने मिळते, २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून हे नाव परक्या लोकांनाही माहीत झालंय. तिने चांगल्या ताकदीच्या मिक्सरमधे एकेक वाटी, थांबत थांबत, भांडं तापू न देता दळली आणि मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळली. पहिली अख्खी भाकरी झाल्यावर तिने फोटो पाठवला, त्यात एका बाजूला काळी झाली होती पण टम्म फुगली होती, आणि मी तो फोटो आईला दाखवला.

बाजरीला हेच सगळं लागू, फक्त घड्याळ जोरात. बाजरीत तेलाचा अंश ज्वारीपेक्षा जास्त, त्यामुळे पीठ आठवड्याभरातच कडवट व्हायला लागतं. बाजरी किलो-किलोच दळायची आणि चार-पाच दिवसांत संपवायची, थंडीत एखाद-दोन दिवस जास्त. तांदळाच्या भाकरीला मात्र जवळजवळ कायम उकडच काढतात, कोकणातल्या बायका ती इतकी पातळ आणि मऊ करतात की मला अजून तशी जमलेली नाही.

विरी गेलेलं पण कडू न झालेलं जे पीठ डब्याच्या तळाशी उरतं त्याचे धपाटे करा. दोन वाट्या ज्वारीच्या पिठाला अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी कणीक, लसूण-मिरची-जिऱ्याचा ठेचा, हळद, तीळ, भरपूर कोथिंबीर, आणि ताकात किंवा दह्यात भिजवायचं. इथे धरून ठेवायचं काम बेसन आणि कणीक करतात, ज्वारीच्या विरीची गरज पडत नाही. ओल्या फडक्यावर थापायचे, मधे बोटाने भोकं पाडायची, फडक्यासकट उचलून तव्यावर उलटे टाकायचे आणि कडेने तेल सोडायचं. सोबत शेंगदाण्याची चटणी अन् दही. डबा रिकामा झाला की धुवून उन्हात वाळवायचा, जुन्या पिठावर नवं पीठ ओतायचं नाही, आणि टेपवरची तारीख बदलायची.